घेणाऱ्यांच्या घरी

मोठीला फेलोशिप मिळाली आणि तिच्या बापाची पंचाईत झाली. पोरगी विद्यापीठात जाणार, एवढं तो छाती फुगवून सांगायचा, पण पुढे कुणी "कशात?" असं विचारलं की अडखळायचा.

"दानात," तो म्हणायचा. "म्हणजे लोक देणग्या देतात, संस्था काढतात, त्याचा अभ्यास."

"त्यात शिकायचंय काय?" शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला म्हणायचा. "खिशात हात घालायचा नि भरलेला बाहेर काढायचा. आमचं घोडं तिथेच अडतं. खिसाच फाटका!"

बाप मनापासून हसायचा. त्याचा धंदा सोफे-खुर्च्या शिवायचा. सगळे त्याला कुशनवाला म्हणायचे. अरुंद गाळा, वर टांगलेले लाकडी सांगाडे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या, आणि मधोमध मांडी घालून बसलेला हा, ओठांत बारीक खिळे धरून. त्या खिळ्यांना या धंद्यात चुका म्हणतात. "आमच्याकडे चुका तोंडातच ठेवतात," असं तो नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवायचा. गिऱ्हाईक हसलं की स्वतःही हसायचा, एकही खिळा न सांडता.

फेलोशिप होती ती ज्यांच्या घरातून या विषयाकडे आजवर कुणी फिरकलंच नव्हतं अशा मुलांसाठी. देणग्यांचा कारभार शिकायला येतात ती बहुतेक देणाऱ्यांच्याच घरची मुलं, हे एका मोठ्या संस्थेच्या ध्यानात आलं होतं. म्हणून मजुरांच्या, अपंगांच्या, आजवर फक्त घेणारे म्हणून ओळखल्या गेलेल्या घरांतल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा सगळा भार तिने उचलायचं ठरवलं. मोठी मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या एकाने विचारलं, "आम्ही तुम्हालाच का निवडावं?"

"आमच्या घरी एकदा दान आलं होतं," ती म्हणाली. "पुढे त्याचं काय झालं, हे विचारायला कुणी परत आलं नाही. मला ते विचारणारी व्हायचंय."

निवड झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी आई लाँड्रीतून नुकतीच आली होती. दिवसभर इस्त्री फिरवून तिचं मनगट कायम सुजलेलं असायचं. तिने पहिला प्रश्न केला, "कुठली संस्था?" मोठीने नाव सांगितलं. आई हातातली पिशवी खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

"त्यांचं काही नको."

"आई, शिक्षण आहे हे."

"खुर्चीही त्यांनीच दिली होती. त्या खुर्चीनं माझी पोर गिळली. आता दुसरीही त्यांच्याच हवाली करू?"

बाप भिंतीला टेकून बसला होता. "जाऊ दे तिला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की आईला दोनदा विचारावं लागलं. "जाऊ दे म्हणतोय. तिचं भलं होतंय."

आई त्या दिवशी जेवली नाही. पण निघायची वेळ आली तेव्हा मोठीचा एकेक कपडा इस्त्री करून, कडक घड्या घालून बॅगेत भरला तो तिनेच.

खुर्ची आली होती ती धाकटीसाठी. धाकटी मोठीपेक्षा बरीच लहान. कमरेखाली तिला जन्मापासून जाणीव नव्हती. तोंड मात्र सगळ्या घरादाराच्या वाटणीचं एकटीला मिळालेलं. आई कामावर गेली की बाप तिला कडेवर घेऊन गाळ्यात यायचा, फोमच्या लाद्यांवर टेकवायचा आणि ती दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याचा समाचार घ्यायची. "काका, दुकानात एवढी घड्याळं, तरी रोज उशीर?" असं ती घड्याळवाल्याला विचारायची आणि तो हात जोडायचा.

संस्थेने कार्यक्रम ठेवला, नावं पुकारली, चाकाच्या खुर्च्या वाटल्या. धाकटीच्या वाट्याला आलेली खुर्ची चांगल्या थोराड माणसाची होती. ती त्यात एका अंगाला कलंडायची. वाटणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "असू दे, वाढेल तशी भरेल त्यात." फोटोपुरतं मोठीने मागून तिचे खांदे धरून तिला सरळ ठेवलं. फोटोत मोठी नाही, तिची बोटं तेवढी आली.

घरी आल्यावर बापाने खुर्चीभोवती एक फेरी मारली. धंद्याची नजर होती ती. "एवढंच ना?" तो म्हणाला, आणि कामाला लागला. दोन्ही बाजूंना फोमच्या उशा, पाठीला आधार, खाली जाड बैठक. रेक्झिन तांबडं, धाकटीनेच निवडलेलं. "आणि बटणं पण पाहिजेत," ती म्हणाली. "शेठाणीच्या सोफ्याला असतात तशी." मग बापाने बैठकीला आणि पाठीला मढवलेली गोल बटणं मारली, दाभणाने सुतळी ओढून घट्ट बसवलेली. एवढं मन लावून त्याने कुठल्या बंगल्याचंही काम केलं नव्हतं.

त्यानंतरचे काही महिने त्या घराला कधी नव्हे इतके सुखाचे गेले. धाकटी स्वतःच्या हाताने चाकं फिरवत गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि सगळ्यांच्या बातम्या घेऊन यायची. सकाळी बसली की संध्याकाळपर्यंत उतरायचं नाव नाही.

तिला दुखत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. ताप चढला तेव्हा डॉक्टरने तिला पालथी करून पाहिलं. बसून बसून झालेली जखम आत हाडापर्यंत गेली होती. आधी जवळचा दवाखाना झाला, मग मोठा दवाखाना. विष रक्तात भिनलं होतं. धाकटी गेली. मोठीला घरात मोठी म्हणणं चालूच राहिलं, जरी आता ती कुणापेक्षा मोठी हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

आईने खुर्ची लाथ मारून दाराबाहेर ढकलली आणि गल्ली जमेपर्यंत तिला शिव्या घातल्या. भंगारवाला येऊन घेऊन गेला. त्यानंतर कुणीही धाकटीचा विषय काढला की आईचं एकच: खुर्चीनं मारली. बाप त्यावर कधी हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. गिऱ्हाइकाने सोफ्याला बटणं मागितली तर मात्र तो म्हणायचा, "फॅशन गेली त्याची," आणि गिऱ्हाईक हटून बसलं तर काम परत करायचा. मोठीला वाटायचं, बाबा वयाप्रमाणे हट्टी होत चाललेत.

विद्यापीठ घरापासून दिवसभराच्या प्रवासावर होतं. फेलोशिपची मुलं मोजकी होती. त्यांच्यात एक आंधळा मुलगा होता, बोलण्यात वस्ताद, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. संस्थेचा कुठलाही समारंभ असला की या मुलांना बोलावणं यायचं, आणि प्रत्येकाने आपली कहाणी सांगायची असायची. वकील एकदा मोठीच्या कानाशी लागला, "आपल्याला शिकायला आणलंय की दाखवायला?" मोठी हसली, पण त्या दिवशी तिने आपली कहाणी सांगितली नाही. घसा बसलाय म्हणाली.

वर्गात शिकवायचे ते देणाऱ्यांविषयी. ते का देतात, कधी देतात, त्यांना कसं टिकवायचं. मोठीने आपल्या सरांना विचारलं, "घेणाऱ्याच्या घरी वस्तू गेल्यावर तिचं पुढे काय होतं, यावर कुणी लिहिलंय का?"

सरांनी कपाटातल्या पुस्तकांवरून नजर फिरवली. "फारसं नाही," ते म्हणाले. "लिही तू."

मग मोठी दारोदार फिरली. संस्थेने वाटलेल्या खुर्च्या जिथे जिथे गेल्या होत्या, त्या घरांत ती जाऊन बसली. कुठे एक म्हातारी खुर्चीत बसून भाजी विकत होती आणि मजेत होती. कुठे खुर्चीवर ओले कपडे वाळत होते, कारण ती दारातून आतच जात नव्हती. आणि काही घरांत तिला तीच जखम भेटली. कुणाची बरी झालेली, कुणाची चिघळलेली. एका घरी तर नुसता फोटो उरला होता. घरोघर जाऊन मलमपट्टी करणारी एक नर्स तिला म्हणाली, "ज्याला दुखत नाही त्याला थोड्या थोड्या वेळाने उचलावं लागतं, रोज अंग तपासावं लागतं. माप न घेता खुर्ची द्यायची, नि हे सांगायला कुणी जायचं नाही, मग दुसरं काय होणार?"

मोठी बसच्या थांब्यावर येऊन बसली आणि नर्सचं बोलणं तिने वहीत जसंच्या तसं उतरवलं. इतक्या वर्षांत हे त्यांच्या घरी कुणी, एकदाही सांगितलं नव्हतं.

वार्षिक समारंभात तिने या घरांविषयी सांगितलं, स्वतःच्या घराविषयी नाही. कार्यक्रम संपल्यावर संस्थेच्या प्रमुख बाई तिच्यापाशी आल्या. वय झालेलं, पांढरे केस, काठी टेकत चालणाऱ्या. "तुमच्या घरीही आमची खुर्ची आली होती, असं मला कळलं," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या आईवडिलांना भेटायचंय. माझ्या तोंडावर कुणी खरं सांगत नाही."

मोठीला वाटलं, आता न्याय होणार. आईला काय काय बोलायचं होतं ते सगळं आता योग्य कानांवर पडणार.

बाई आल्या त्या दिवशी आईला सुट्टी होती. बापाने घरातली एकुलती एक बरी खुर्ची नव्या कापडाने मढवून ठेवली होती. बाई तिच्यावर टेकल्या आणि त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "आमच्या खुर्चीने तुमच्या मुलीचं काय केलं? मला ऐकायचंय."

आईने श्वास घेतला. तिच्या ओठांवर शब्द आलेच होते. पण बापच आधी बोलला.

"खुर्ची चांगली होती," तो म्हणाला. "फार चांगली. पोर त्यात राणीसारखी फिरली. तिचं आयुष्यच तेवढं होतं. तुमचा त्यात काही दोष नाही, बाई."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठून आत गेली, आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता.

बाईंचे डोळे भरले. "तुम्ही मोठ्या मनाचे आहात," त्या म्हणाल्या. आल्या होत्या त्यापेक्षा हलक्या पावलांनी त्या गाडीकडे गेल्या.

मोठीच्या अंगाची लाही लाही होत होती. दुसऱ्या दिवशी आई कामाला गेल्यावर ती तडक गाळ्यात गेली.

"बाबा, खोटं का बोललात?"

"खोटं कुठे बोललो?"

"खुर्ची चांगली होती म्हणालात. मी वर्षभर घरोघर फिरतेय. त्या खुर्च्यांनी काय केलंय ते मी पाहिलंय. आपल्या घरी कुणीतरी पहिल्यांदा विचारायला आलं, आणि तुम्ही..."

बापाने ओठांतले खिळे एकेक करून काढले आणि डब्यात टाकले. हातोडी बाजूला ठेवली.

"खुर्चीची बैठक सपाट होती गं," तो म्हणाला. "नुसतं कापड ताणलेलं. बटणं मी मारली."

मोठीला आधी कळलंच नाही.

"मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने मला जखम दाखवली. गोल होती. मी सुतळी ओढली होती ना घट्ट, बटण आत बसावं म्हणून, त्याच जागी. त्याने विचारलं, खाली काही टणक होतं का? मी म्हणालो, नाही." तो बोलत होता सांगाड्याकडे बघून. "भंगारवाला यायच्या आधी मी गादी उसवून काढली. तुझ्या आईला वाटतं खुर्ची. तिला तसंच वाटू दे. आणि त्या बाईला काय म्हणून दोष देऊ मी? ती बिचारी काठी टेकत इथवर आली. माझं पाप तिच्या पदरात बांधून पाठवू?"

"धाकटीनेच मागितली होती बटणं," मोठी म्हणाली.

"ती लहान होती. धंदा माझा होता."

मोठी त्याच्या शेजारी फोमच्या लादीवर बसली. तिने त्याला सगळं सांगितलं, नर्सने सांगितलेलं, घरोघर पाहिलेलं. कितीतरी घरांत हीच जखम झाली होती, जिथे गादी नव्हती, बटणं नव्हती, खुर्ची आली तशीच वापरली होती. "मापाची खुर्ची असती तर तुम्हाला गादी शिवावीच लागली नसती. कुणी येऊन सांगितलं असतं तर आपण तिला उचललं असतं, रोज पाहिलं असतं. बाबा, कशामुळे झालं हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मान डोलावली. मोठीला वाटलं, थोडं तरी उतरलं असेल ओझं.

"त्या घरांतल्या बापांचं बरं आहे," तो शेवटी म्हणाला. "त्यांना दोष द्यायला खुर्ची तरी आहे."

एवढं बोलून त्याने पुन्हा हातोडी उचलली. तो विषय त्याने परत कधी काढला नाही आणि मोठीलाही काढू दिला नाही. ती तोंड उघडायच्या बेतात आहे असं दिसलं की तो घड्याळवाल्याला हाक मारून चहा मागवायचा.

प्रबंध लिहिताना सरांनी विचारलं, "तुझ्या स्वतःच्या घराचं प्रकरण कुठाय? सगळ्यात जवळून तू तेच पाहिलंस."

"जवळून पाहिलं म्हणूनच नाही लिहीत, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. प्रबंधात बाकीची सगळी घरं आली, तिचं नाही. बाईंनी तो वाचला, अगदी शेवटच्या पानापर्यंत, आणि संस्थेला आपली रीत बदलावी लागली. आता माप घेतल्याशिवाय खुर्ची कुणाला जात नाही, आणि खुर्ची गेली की मागोमाग माणूस जातो, पुन्हा पुन्हा जातो. ते काम उभं करायला मोठीलाच नोकरीवर घेतलं. पहिल्या पगारातून तिने बापाला चांगले बूट घेतले. त्याने ते दोनचारदा घातले आणि कागदात गुंडाळून ठेवले. "मांडी घालून बसणाऱ्याला बूट कशाला?" म्हणाला, पण घड्याळवाल्याला दाखवून आला.

तिची पदवी झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला, गाळ्यातच आडवा झाला, आणि घड्याळवाला पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मोठी पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. माणसं ओसरली, मग मायलेकी दोघीच उरल्या.

एका दुपारी आई त्याचे कपडे काढून बसली. द्यायचे होते कुणाला तरी, पण त्याआधी तिला ते इस्त्री करायचे होते. मोठी घड्या घालत होती. आई एकाच शर्टावरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिली.

"तुला त्यांनी सांगितलं होतं ना?" आई म्हणाली. "बटणांचं."

मोठीच्या हातातली घडी सुटली. "तुला माहीत होतं?"

"रोज तिचं अंग मी पुसत होते. मला नाही कळणार?" आईने इस्त्री उभी केली. "गोल वळ होता, तांबडा, वरची कातडी धड. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, बसून बसून आलाय, जाईल. मी बोललेही नाही त्यांना. एवढ्या हौसेनं शिवलेली गादी, काढ कशी म्हणणार? आणि पोर किती खूश होती." तिने शर्टाची बाही सरळ केली. "मी तेव्हाच बोलले असते तर..."

"आई."

"ऐक. ती गेली तेव्हा हे माझ्याकडे बघेनात. मला कळलं काय चाललंय मनात. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी घर उभं राहिलं नसतं. म्हणून मी खुर्चीला धरलं. खुर्चीला काय, कितीही बोला. मला वाटलं, मी एवढ्या मोठ्यानं बोलते आहे, तर हळूहळू त्यांनाही तसंच वाटायला लागेल."

"मग बाई आल्या तेव्हा आत का गेलीस?"

"ते त्यांना म्हणाले, तुमचा दोष नाही. मग उरलं कोण? तेव्हा कळलं, इतकी वर्षं बोंबलले ते सगळं वाया गेलं."

मोठीला गाळ्यातली ती दुपार आठवली. तो म्हणाला होता, तिला तसंच वाटू दे. आई समोर बसली होती, तिला हे सांगावं की नाही हे मोठीला ठरवता येईना. शेवटी तिने सांगितलं. आईने ऐकून घेतलं, शर्ट सुलट केला, कॉलर नीट बसवली.

"म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळत बसलो," ती म्हणाली. "बोललो असतो तर दोघं मिळून रडलो तरी असतो."

मग ती रडली, इतकी की तिला धरून ठेवावं लागलं. एवढ्या वर्षांत आईला मोठीने चिडलेलं पाहिलं होतं, अबोल पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

गाळा दुसऱ्या कुणी घेतला. आई मोठीकडे राहायला आली. लाँड्री सुटली, मनगटाची सूज मात्र गेली नाही. मोठी संध्याकाळी घरोघर फिरून येते, दोघी जेवायला बसतात, आणि हल्ली आई धाकटीच्या गोष्टी सांगते. पूर्वी कधी सांगायची नाही. धाकटी काय बोलली, कुणाला कसं गप्प केलं, गल्लीच्या टोकाहून कुठली बातमी घेऊन आली. त्यातल्या बऱ्याच गोष्टी गाळ्यात घडलेल्या, आईने बापाच्या तोंडूनच ऐकलेल्या. सांगता सांगता तिचं अडतं. "मग काय म्हणाली बरं ती पुढे?" असं विचारत ती वळते, जणू शेजारी कुणी बसलंय. मोठी तिच्या ताटात वाढते. पुढचं मोठीलाही ठाऊक नसतं.